भास्कर, तुला पुढे मी धाडलं

भास्कर,

आज दुपारी पूर्वेकडून पुन्हा ढग चढले. मी तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेत होतो. सतराचा पाढा निम्म्यावर आला आणि सह्याद्रीच्या बाजूला काहीतरी गडगडलं. घाटीतून बैलगाडी उतरत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा गडगडलं तेव्हा पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी शाळा सोडली, घरी आलो आणि माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलो. आईनं माझ्या अंगावर घोंगडी टाकली, कोयता उचलून अंगणात फेकला आणि दार लावून घेतलं. वीज लोखंडावर उतरावी, पोरावर उतरू नये, एवढीच तिची इच्छा. तो पोर आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि बोर्डाच्या शाळेत मास्तर आहे.

तू असतास तर हसत हसत दार उघडून आत आला असतास. घोंगडी ओढली असतीस आणि म्हणाला असतास, "गोंद्या, बाहेर ये, अंडी उबवतोस काय?" आज दार कोणी उघडलं नाही. पाऊस येऊन गेला, उन्हं पडली, तरी मी घोंगडीखालीच होतो.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे परतले, मुंबईहून आलेला तुझा भाऊ कालच्या बोटीनं गेला. आणि तुझ्या घरी वहिनीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. मी गावाला एवढंच सांगितलं की सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, तू पुढे गेला होतास आणि मी मागे होतो. तू पुढे का गेलास, हे कोणी विचारलं नाही. मी होऊन सांगितलं नाही. तुझ्या घरावरून जाताना वहिनी पडवीत दिसली तर मी मान खाली घालून निघून जातो. तिला सांगायला हवं, हे मला कळतं. पण मी भित्रा आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

हा कागद उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडला तर म्हणून लिहितो, मी पायाळू. आईच्या पोटातून माझं डोकं आधी यायचं ते पाय आधी आले, एवढाच माझा गुन्हा. सुईणीनं तिथंच आईला बजावलं होतं, याला ढगात बाहेर सोडू नको, वीज पायाळूला हुडकत येते. तेव्हापासून मी माजघरात. बाकीची पोरं आश्विनात खळ्यावर हुंदडायची, आणि ढग दिसला की त्यांच्या आया त्यांना हाका मारायच्या, घरी या, नाहीतर गोविंदापासून लांब व्हा. पोरंही तशीच. खेळता खेळता आभाळ वाजलं की माझ्याभोवतीची जागा मोकळी व्हायची. कोणाच्या पडवीत मी उभा असलो तर ते माणूस गोड बोलून सांगायचं, "बाळा, तुझी आवस घरी वाट बघत असेल." त्यात कोणाचा राग नव्हता. मला ते कळायचं आणि मी निघायचो.

पण हेच लोक पाठीत उसण भरली की माझ्या दारात. पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात. म्हाताऱ्या बायका पालथ्या पडायच्या आणि मी भीत भीत त्यांच्या कंबरेवर टाच टेकवायचो. तू म्हणायचास, गोंद्या, उसण भरली की तू देव आणि ढग भरले की तू अवदसा, एकदा काय ते ठरवून घे. मी हसायचो. मला ते ठरवता आलं असतं तर हवंच होतं.

तुझी पायगाडी आली तो दिवस मला आठवतो. तुझ्या भावानं मुंबईत कोणा साहेबाच्या माळ्याकडून जुनी घेतली आणि बोटीनं पाठवली. आपण दोघं रत्नागिरीच्या धक्क्यावर उभे. पडावातून एक गोणपाटाचं गाठोडं उतरलं, त्यातून एक चाक बाहेर डोकावत होतं, आणि तू त्या चाकाला असा हात लावलास, जसं काही ते दमून आलंय. बंदरावरच्या लोकांनी नट आवळून दिले. सड्यापर्यंत आपण ती ढकलत आणली, आणि सड्यावर तू बसलास, चार हात जाऊन पडलास, पुन्हा बसलास. ढोपर फुटलं होतं तरी गावात शिरताना घंटा वाजवत शिरलास. वहिनी नव्यानं नांदायला आली होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि पदर तोंडावर धरून हसली. गावातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, ही चारा काय खाते? तू म्हणालास, मास्तरांचं रक्त.

त्या पायगाडीवरून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, हे लोखंड आहे, ढगात यावर बसू नको. तू म्हणायचास, खाली रबर आहे, रबरातून वीज जात नाही, पायगाडीवरचा माणूस जमिनीवरच्या माणसापेक्षा सुरक्षित. हे तू कुठंतरी वाचलं होतंस की मुंबईच्या कोणा कामगारानं सांगितलं होतं, ते मला अजून माहीत नाही. पण चौथीच्या पोरांना तू शिकवायचास तेव्हा वेगळंच शिकवायचास. फळ्यावर माड काढायचास, देवळाचा कळस काढायचास आणि सांगायचास, वीज माणसाचे पाय बघत नाही, उंची बघते. झाडाखाली उभे राहू नका. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. त्या फळ्यावर तू सडा कधी काढला नाहीस. सड्यावर ना माड, ना आंबा, ना कळस. कातळ आणि गुडघाभर गवत. तिथं उंच कोण, हे तू पोरांना विचारलं नाहीस, आणि मी तुला विचारलं नाही. दोन मास्तर एका शाळेत बसून वर्षानुवर्षं भांडले, आणि विचारायचा तेवढा एक प्रश्न दोघांनाही सुचला नाही.

एक दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. गेल्या साली असाच आश्विन, शाळा भरलेली, आणि आभाळ एकदम फाटल्यासारखं वाजलं. माझ्या वर्गातली पोरं सरकत सरकत तुझ्या वर्गात गेली. मी एकटा माझ्या खुर्चीवर. तू आलास. खाली बसलास, माझे दोन्ही पाय उचलून तुझ्या मांडीवर घेतलेस, वहाणांसकट, आणि पोरांना हाक मारून म्हणालास, या, बघा, हे पायाळूचे पाय आणि हा मी. पोरं दारात गोळा होऊन बघत होती. मी पाय सोडवायला धडपडत होतो आणि तू सोडत नव्हतास. पाव तास तू तसा बसलास. वीज दोनदा जवळ कुठंतरी पडली, तुझ्या हाताची बोटं माझ्या घोट्यावर घट्ट झाली, मला ते कळलं. तूही घाबरला होतास. तरी सोडले नाहीस.

त्याचा गावात फार गवगवा झाला. तुझ्या सासऱ्यापर्यंत गेलं. पण तेव्हापासून तुझा नेमच पडला. गडगडलं की तू कुठंही असलास तरी माझ्याकडे यायचास आणि शेजारी बसायचास. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही, आपल्याकडे ते कोणी म्हणतही नाही. उलट मी दर वेळी तुला शिव्या घातल्या, की उगाच जिवावर उदार होऊ नको. आज लिहितो, भास्कर, तुझे उपकार आहेत माझ्यावर. त्या वर्षभरात वीज चमकली तरी मी श्वास घेऊ शकत होतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. लिहिलं पाहिजे.

शनिवार होता, सकाळची शाळा. जिल्ह्याचा नवा नकाशा बोर्डाच्या कचेरीतून आणायचा होता, म्हणून आपण दोघं रत्नागिरीला गेलो. परत निघालो तेव्हा ऊन होतं. चढावर दोघं चालत, पायगाडी मध्ये. वर सड्यावर आल्यावर तू बसलास, मी मागे, माझ्या काखेत नकाशाची गुंडाळी. गवत पिवळं पडायला लागलं होतं. तू सांगत होतास की तुझ्या लेकीला, शालूला, आता पूर्ण नाव सांगता येतं, मधलं बापाचं नाव धरून. मग वारा पडला. मला आधी तेच जाणवलं, की गवत हलायचं थांबलं. मी मान वर केली तर पूर्वेकडचं सगळं आभाळ जांभळं झालेलं.

पहिली वीज फार लांब चमकली. तू मोठ्यानं आकडे मोजलेस, एक, दोन, तीन, असं करत अठरावर आवाज आला. "लांब आहे," म्हणालास. तुझी ती मोजायची पद्धत मला आवडायची, कारण भीतीला आकडा दिला की ती जरा लहान होते. दुसरी आली तेव्हा तू अकरावर थांबलास. पायडल जोरात मारायला लागलास. तिसऱ्या वेळी सात. चौथ्या वेळी तू "चार" म्हणालास आणि आवाज असा आला की नकाशाची गुंडाळी माझ्या छातीला लागून थरथरली.

मी उडी मारली. चालत्या पायगाडीवरून उडी मारली आणि गुडघ्यावर पडलो. तू पाय टेकून थांबलास, मागे वळलास. मी ओरडलो, तू जा. माझ्यापासून लांब जा. तू म्हणालास, "वेडा आहेस काय? बस मागे. घाटीची उतरण दहा मिनिटांवर आहे." मी म्हणालो, तुझी पोर लहान आहे, वीज मला हुडकत येतेय, तू जा. तू पायगाडी कलती करून माझ्याकडे यायला लागलास. मला अजून दिसतं ते. तू येत होतास, हात पुढे केला होतास.

तेव्हा मी दगड उचलला. कातळाचा एक तुकडा हातात आला, तो मी तुझ्यावर फेकला. कुत्र्याला हाकलतात तसा. तू आधी हसलास. दुसरा उचलला तेव्हा तुझं हसणं गेलं. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला कळलं असावं, की हा माणूस आता माणसात नाही. डाव्या हाताला जुनी चिरेखाण होती. तू तिकडे बोट दाखवलंस.

"बरं. त्या खाणीत उतर. पाण्यात जाऊ नको, मधल्या पायरीवर उकिडवा बस, डोकं गुडघ्यात घाल. मी घाटीच्या तोंडाशी थांबतो."

एवढंच तुझं शेवटचं बोलणं. त्यात माझ्यावर राग नव्हता. मास्तर पोराला सांगतो तसं सांगितलंस. मी खाणीत उतरलो, तू सांगितलंस तसा बसलो, नकाशा पोटाशी धरून. वरून तुझी घंटा ऐकू येत होती. तू मला कळावं म्हणून वाजवत होतास, हे मला ठाऊक आहे. घंटा लांब लांब जात होती आणि मला बरं वाटत होतं, भास्कर. देवाशपथ बरं वाटत होतं. प्रत्येक घंटेबरोबर तू माझ्या पायांपासून आणखी दहा पावलं सुटतोयस, असं मी मनात म्हणत होतो.

मग उजेड आणि आवाज एकदमच झाला. मोजायला वेळच नव्हता. खाणीच्या भिंतीवरून माती गळली. कानात नुसती शीळ. आणि मला पहिलं काय वाटलं ते मी कोणाला सांगणार नव्हतो, तुला सांगतो. मला वाटलं, पडली, आणि माझ्यावर नाही पडली. तुझं नाव मला त्यानंतर आठवलं.

पाऊस आला. मी तसाच बसून राहिलो. घंटा ऐकू येत नव्हती, पण मला वाटलं पावसानं येत नसेल, तू घाटीच्या तोंडाशी पोचला असशील. किती वेळ गेला सांगता येत नाही. विजा समुद्राकडे सरकल्यावर मी वर आलो. तू फार लांब गेला नव्हतास. पायगाडी आडवी होती, तिचं मागचं रबर उसवल्यासारखं उघडलेलं. मला वाटलं पडलास, पहिल्या दिवशी पडला होतास तसा. तुझ्या वहाणा पायात नव्हत्या. एक इकडे, एक तिकडे गवतात, आणि तुझे पाय उघडे. मी तुला हलवलं. शर्टाच्या बाहीखाली एक काळसर रेघ होती, बाकी काहीच नव्हतं. मी तुझे पाय मांडीवर घेऊन बसलो. गावाकडचे लोक गवत न्यायला वर आले तोपर्यंत मी तिथंच होतो.

गावानं निकाल लावला. पायाळूबरोबर होता म्हणून गेला, असं लोक बोलतात. समोर नाही बोलत, पण पाणवठ्यावर मी गेलो की बोलणं थांबतं. एकानं तर मला धीर देत सांगितलं, "तुझी वेळ त्यानं घेतलान, मास्तर." मी ऐकून घेतो. त्यांचं म्हणणं असं की तू माझ्याजवळ होतास म्हणून मेलास. मला एकट्यालाच ठाऊक आहे की तू माझ्याजवळ नव्हतास म्हणून मेलास. ती खाण दोघांना पुरली असती. पायगाडी वीस हातांवर फेकून दोघं त्या पायरीवर उकिडवे बसलो असतो, भिजलो असतो, आणि संध्याकाळी तुझ्या पडवीत चहा प्यालो असतो. तुझं ज्ञान निम्मं बरोबर होतं आणि त्या निम्म्यानं मला वाचवलं. माझी समजूत सगळीच चुकली होती, आणि ती तुला भोवली.

आणि अक्कल मला अजून आलेली नाही. आज दुपारी मी शाळा सोडली ती त्याच बुद्धीनं. पोरं माझ्यापासून लांब गेली की वाचतील, हे माझ्या हाडात बसलंय. घोंगडीखाली आल्यावर मला आठवलं की मी तीसेक पोरं ढगाखाली उघड्या बांधांवरून घरी धाडलीत. मग मी एकेकाचं घर मोजत बसलो. खालच्या वाडीची पोचली असतील. ओढ्यापलीकडची दोघं पोचली असतील की आंब्याखाली उभी राहिली असतील? उठून पळत जायला हवं होतं, पण मी उठलो नाही. उन्हं उतरल्यावर घरोघर जाऊन बघून आलो, सगळी सुखरूप आहेत. पण ही अशी भीती घेऊन मी वर्गात कसा उभा राहू, ते तूच सांग. आधी मला एका जिवाची भीती होती. आता माझ्याजवळ असलेल्यांची वाटते आणि लांब गेलेल्यांचीही वाटते.

वहिनीला सांगायला हवं. तिनं मला घराबाहेर काढलं तरी चालेल. इथं थांबतो.

*

भास्कर, काल इतकं लिहून कागद घडी करून ठेवला होता. आज सांगून आलो. ते तुला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

दुपारची जेवणं उरकल्यावर गेलो. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होती, शालू आत झोपलेली. मी अंगणातच उभा राहिलो. ती म्हणाली बसा, मी म्हणालो नको. पूर्वेकडे पुन्हा जांभळं व्हायला लागलं होतं आणि अशा वेळी मी कोणाच्या पडवीत चढत नाही, हे तिला ठाऊक आहे. मी ठरवून गेलो होतो की आधी जरा इकडचं तिकडचं बोलावं. काही जमलं नाही. मी सरळ सांगितलं, वहिनी, तो आपण होऊन पुढे गेला नाही, मी त्याला हाकलला. तो जात नव्हता. मी दगड मारला तेव्हा गेला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. खाणीत मला बरं वाटत होतं, तेसुद्धा सांगितलं. माझा आवाज मलाच अनोळखी लागत होता.

तिचे हात सुपात थांबले. मग तिनं एकच विचारलं.

"त्यांना दगड लागला काय?"

मी म्हणालो नाही, चाकाला लागला. तिनं मान हलवली. मला वाटलं आता ती मला जा म्हणेल. तिनं डोळे पुसले नाहीत, पुसायला पदर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मी त्यांना शपथ घातली व्हती," ती म्हणाली. "पोरीची. वीज झाली की ते तुमच्याकडं धावायचे. माझ्या जिवाला घोर लागायचा, भावजी. म्हणून मी बोलले, शालूच्या गळ्याची शपथ हाय, वीज चमकली की भावजींच्या जवळ थांबायचा नाय. ते हसले. बरं बोलले."

मी विचारलं, कधी? ती म्हणाली, त्याच सकाळी. चूल पेटवताना.

मी खाली बसलो, तिथंच अंगणात. तिनं विचारलं, "मग चार मोजेपर्यंत ते तुमच्यासंगतीच व्हते?" मी म्हणालो, होता. दगड मारेपर्यंत होता. हात पुढे करून येत होता. हे ऐकल्यावर ती रडली. इतक्या दिवसांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. तुझ्यावर रागावून रडली की माझ्यावर, की शपथ मोडलीस म्हणून, की शेवटी पाळलीस म्हणून, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल.

मी तुला विचारतो, भास्कर. पायगाडी वळवलीस तेव्हा कोणाचं ऐकलंस? माझ्या दगडाचं की तिच्या शपथेचं? तुझा दोन्हींवर विश्वास नव्हता. पायाळूवर नव्हता, शपथेवर नव्हता. आपल्या दोघांची समजूत खुळचट आहे, हे तुला पुरतं ठाऊक होतं, आणि आम्ही घाबरलो होतो म्हणून तू आमचं ऐकलंस. आयुष्यभर माझ्याशी वाद घातलास. एवढा एक वाद का सोडलास रे?

तेवढ्यात चमकलं. मी मोजलं, आता ती सवय मला लागली आहे. नऊवर आवाज आला. मी उठलो आणि वहिनीला म्हणालो, येतो, आत जा, दार लावून घ्या. मी अंगण ओलांडून बेड्याच्या फाटकाशी पोचलो असेन.

"भावजी, आत या."

मी म्हणालो, वहिनी, ढग आहेत.

"दिसतायत मला," ती म्हणाली. "एकाला लांब धाडला तेवढा पुरे झाला. आत या."

मी फाटकाशीच उभा राहिलो. ती पायरी उतरून खाली आली, मला घेऊन आत गेली आणि तिनं दार लावलं. मी तुझ्या माजघरात भिंतीला टेकून बसलो. शालू पलीकडे झोपली होती. मी पाय पोटाशी घेतले आणि जेवढा लहान होता येईल तेवढा झालो. वहिनी सूप घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली, हातभर अंतरावर. आठवर वाजलं, मग पाचवर. पाचला मी उठायला लागलो, तर ती खाली बघूनच म्हणाली, बसा. मी बसलो. मग मोजायला वेळ मिळाला नाही असं एक वाजलं, कौलं खडखडली, शालू दचकून उठली आणि आईच्या मांडीवर येऊन चिकटली. वहिनी सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती, खडे नसताना. पण वीज समुद्राकडे निघून जाईपर्यंत ती माझ्याजवळून उठली नाही.